दोन काचांमधील कोरडी हवा

आमचे आजोळ बऱ्हाणपूरचे. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ असा लांबचा प्रवास करून मे महिन्याच्या सुटीत तेथे जावयाचे आणि उन्हाने भाजून निघावयाचे, हा लहानपणापासूनचा क्रम. मागच्या सुटीत गेलो तेव्हा चहा होण्यापूर्वीच मामांनी मला माडीवर नेले आणि पश्चिमेकडच्या खिडकीपुढे उभे केले. "तू पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग ही काच पुसून दाखव," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात फडके दिले.

मी काच आतून पुसली. मग गच्चीवर जाऊन बाहेरूनही पुसली. तिच्या खालच्या भागात एक दुधाळ पडदा होता, तो जागचा हलला नाही. तो दोन काचांच्या मध्ये होता.

चार वर्षांपूर्वी माडी बांधली तेव्हा मामांनी हौसेने अशा दोन खिडक्या बसविल्या होत्या. कारणे दोन. एक बऱ्हाणपूरचे ऊन, आणि दुसरे मागांची खटखट. ज्यांनी हे गाव पाहिले नाही त्यांनी शहाजहानचे, मुमताजमहलच्या मृत्यूचे (१६३१) बऱ्हाणपूर इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. पण आज तेथे राहणाऱ्याला आधी ऐकू येतो तो यंत्रमाग. गल्लीत दोन्ही अंगांना कारखाने, दिवसपाळी आणि रातपाळी. मामांची नात यंदा बारावीला आहे. तिने माडीवर अभ्यास करावा म्हणून तो खर्च केलेला. आणि आता एका काचेत धुके शिरले होते, ऊन पूर्वीसारखेच आत येत होते, खटखटही थांबली नव्हती. खिडक्या बसविणाऱ्याकडे विचारणा केली तर संपूर्ण खिडकी चौकटीसह बदला, असा निरोप आला होता. मामांना त्या निरोपापेक्षा, आपण फसलो की काय, ही शंका अधिक बोचत होती.

त्या पंधरा दिवसांत आम्ही जे पाहिले आणि केले त्यावरून हा लेख लिहीत आहे. आपल्याकडेही अशा खिडक्या आता नव्या घरांत दिसू लागल्या आहेत, आणि वातानुकूलित रेल्वेडब्यातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने त्या पाहिलेल्याच आहेत.

दुहेरी खिडकीत उष्णता अडविण्याचे काम काच करीत नाही, मधली हवा करते. काचेची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चाळीसपट. म्हणजे एका काचेऐवजी दुप्पट जाड काच बसविली तरी विशेष काही साधत नाही. पण दोन काचांमध्ये बारा ते सोळा मिलिमीटर स्थिर हवा कोंडली तर खिडकीतून वाहणारी उष्णता निम्म्यावर येते. अंतर याहून वाढविले तर कोंडलेली हवा आतल्या आत फिरू लागते, आणि अभिसरणाने उष्णता वाहून नेऊ लागते. म्हणून ते फार वाढवीत नाहीत. काही खिडक्यांत हवेऐवजी ऑरगॉन वायू भरतात, कारण तो हवेहूनही मंद वाहक आहे. ही कल्पना थंड देशांतली. अमेरिकेत थॉमस स्टेट्सन याने १८६५ साली अशा तावदानाचे पेटंट घेतले होते. बाजारात ते रुळले मात्र १९३० नंतर, जेव्हा काचांच्या कडा पक्क्या बंद करण्याची युक्ती साधली.

कडा बंद करणे हाच या वस्तूचा प्राण आहे. दोन काचांमध्ये चारही बाजूंनी ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्या पोकळीत बाष्प शोषून घेणारे बारीक खडे भरलेले असतात. औषधांच्या डब्यांत सिलिका जेलची पुडी असते, त्याच जातीचे. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटिल रबराचा काळा चिकट थर, आणि त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकोनचा दुसरा थर. ब्यूटिल बाष्प अडविते, बाहेरचा थर काचांना धरून ठेवतो. चौकटीत बसविण्यापूर्वी हे सगळे मिळून एकच तावदान झालेले असते, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ही गोष्ट फार सोयीची आहे. ती कशी, ते पुढे येईल.

आता मामांची पहिली तक्रार, उन्हाची. येथे थोडा हिशोब करणे भाग आहे. माडीवरच्या खिडकीची काच सुमारे १.२ चौरस मीटर. मे महिन्यातील दुपारी बाहेर ४४ अंश, आत ३० अंश तापमान धरू. साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे ५.८ वॉट उष्णता वाहते. साध्या दुहेरी काचेतून २.८. म्हणजे एकेरी काचेतून आत येणार ९७ वॉट आणि दुहेरीतून ४७. वाचले पन्नास वॉट. परंतु हा झाला केवळ हवेच्या तापमानाचा हिशोब. चार वाजता पश्चिमेचे ऊन थेट काचेवर पडते तेव्हा दर चौरस मीटरवर सहाशे वॉटच्या आसपास प्रारण येते, आणि स्वच्छ एकेरी काच त्यातले ऐंशी टक्क्यांहून थोडे अधिक, दुहेरी काच सत्तर टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे दुहेरी काच असूनही पाचशे वॉटची शेगडी खोलीत पेटलेलीच! मामा ज्या पन्नास वॉटसाठी पैसे मोजून बसले होते त्याच्या दहापट उष्णता त्यांच्या डोळ्यांदेखत, उजेडाच्या रूपाने, आत येत होती.

यात काचेची फसवणूक नाही. ज्या देशांसाठी ती निघाली तेथे हिवाळ्याचे ऊन घरात आलेले हवेच असते. आपल्याकडे ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवावे लागते. आत शिरल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते आणि तापलेला पडदा ती खोलीतच सोडतो. (काळी फिल्म काचेला आतून चिकटविण्याचा मोह अनेकांना होतो. दुहेरी काचेवर तो टाळावा. आतली काच मध्यभागी तापते, चौकटीत झाकलेली कड थंड राहते, आणि त्या ताणाने काच कडेपासून तडकते.) आम्ही बाहेरच्या छज्जाला बांबूची चीक टांगली. मामींनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला की चार वर्षांत प्रथमच माडीवर दुपारी बसवते आहे. उष्णता परतविणारा अदृश्य लेप दिलेल्या काचा मिळतात, त्या चांगल्या. पण घेतल्या असल्या तर तो लेप खरोखर आहे ना हे रात्री पाहून घ्यावे. काचेसमोर पेटती मेणबत्ती धरली की दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात. चारही एका रंगाची असतील तर काच साधी. एखादे वेगळ्या रंगाचे असेल तर त्या पृष्ठभागावर लेप आहे. मामांच्या खिडकीत चारही सारखीच निघाली.

आणखी एक गोष्ट बऱ्हाणपूरसारख्या कोरड्या उष्णतेच्या गावी ध्यानात घ्यावयास हवी. तेथे घरोघरी कूलर चालतो. कूलर बाहेरची हवा ओलसर करून आत ढकलतो, आणि तेवढीच हवा खिडकीवाटे बाहेर जाऊ दिली तरच खोली गार होते. कूलर लावावयाचा आणि दुहेरी काचेची खिडकी घट्ट मिटून घ्यावयाची, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. खोली दमट होते, गार होत नाही. दुहेरी काच शोभते ती वातानुकूलन यंत्राच्या खोलीत. मामांच्या माडीवर कूलर होता.

असो. आता धुक्याकडे वळू.

काचेवर पाणी दिसले की खिडकी बिघडली, असे नव्हे. खोलीकडच्या बाजूला दव जमले तर खोलीतली हवा दमट आहे, तेवढाच अर्थ. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीच्या काचेवर बाहेरून दव धरले तर तेही निरुपद्रवी. मात्र कोणत्याच बाजूने पुसले जात नाही असे धुके म्हणजे कडेचा बंध सुटला. रेल्वेच्या जुन्या डब्यांतही कधीकधी हेच दिसते.

बंध सुटतो कसा? आत कोंडलेल्या हवेचा विचार करा. तावदान तयार करताना तिचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० होते असे समजू. उन्हात ती ५७ अंशांपर्यंत, म्हणजे ३३० पर्यंत तापली. काचा अजिबात वाकल्या नाहीत असे धरले तर दाब एकदशांशाने वाढेल. चौरस मीटरभर काचेवर जवळजवळ एक टन भार! काचा फुगतात म्हणून प्रत्यक्षात तो पुष्कळ कमी होतो, परंतु फुगताना कडेच्या रबराला त्या ओढतात. रात्री हवा थंड झाली की काचा पुन्हा आत येतात. म्हणजे तावदान रोज एकदा श्वास घेते. बंध शाबूत असेल तोवर हा श्वास कोंडलेला राहतो. बंधाला केसाएवढी फट पडली की तावदान दिवसा हवा बाहेर टाकते आणि रात्री दमट हवा आत ओढते. शोषक खडे काही महिने ते बाष्प पचवितात. ते तृप्त झाले की गार सकाळी काचेवर पहिले धुके दिसते.

उन्हाचे ओढणे टाळता येत नाही. पण ब्यूटिलचा खरा शत्रू वेगळा आहे. कड पाण्यात उभी राहणे. पाऊस कितीही चांगल्या रबरी पट्टीच्या मागे थोडा जातोच. हे गृहीत धरून चौकटीच्या खालच्या अंगाला निचऱ्याची लांबट भोके ठेवलेली असतात. आत गेलेले पाणी तेथून बाहेर पडावे आणि तावदानाची कड कोरडी राहावी, अशी योजना. बऱ्हाणपूरच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. १६१५ च्या सुमारास खानखानान अब्दुर्रहीम याच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या उतारावरचे झरपे जमिनीखालच्या भुयारातून, कुंड्यांमागून कुंड्या काढीत, ज्या गावात आणले गेले, आणि ज्याचा कुंडी भंडारा पाहावयास आज लोक जातात, त्या गावाला पाण्याची वाट कशी ठेवावी हे ठाऊक असणार. पण मामांच्या खिडकीची भोके आम्ही शोधू लागलो तर ती सापडेनात. एक रंगाऱ्याने लांबी भरून सफाईने बुजविले होते. त्याला ते गिलाव्यातले छिद्र वाटले असावे. दुसऱ्यातून मी तार घातली तेव्हा करड्या रंगाची दाट वात बाहेर आली. मागांवरून उडणारी सुताची तूस! चार वर्षे ती हवेबरोबर येऊन भोकात बसत होती, पावसाने भिजून घट्ट होत होती. दुसऱ्या खिडकीची भोके अर्धवट मोकळी होती, आणि तिची काच स्वच्छ होती. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग खिडकी बदलावी की काच? काचेला बारीक भोक पाडून आतले बाष्प काढून देण्याचा एक उपाय काही ठिकाणी करतात. माझ्या मते तो वरवरचा आहे. शोषक खडे संपलेले असतात, बंध सुटलेला असतो, धुके परत येण्याची वाट तशीच राहते. शिवाय काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो. पण चौकट, बिजागऱ्या, कडी सगळे धड असताना ते फेकण्याचेही कारण नाही. तावदान स्वतंत्र असते, तेवढेच नवे करून घ्यावे. मामांचा खर्च त्यामुळे चौकटीसह खिडकीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत बसला.

हे काम घरी होते. दोन माणसे, जाड हातमोजे आणि घाई नसलेला दिवस एवढे पाहिजे. काच हलकी नाही. पाच मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला पंचवीस किलो; आमचे तावदान तीस किलोचे भरले. तावदानाला आतल्या बाजूने चार बीडिंग पट्ट्या धरून असतात. बोथट पात्याची पटाशी लांब पट्टीच्या मध्यावर, चौकट आणि पट्टी यांच्या सांध्यात घालून हलके उचलावे. पट्टी कमानीसारखी वाकून सुटते. लांब पट्ट्या आधी, आखूड नंतर. कोणती पट्टी कोठली, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे, कारण चारही सारख्या दिसतात आणि चारही सारख्या नसतात. शेवटची पट्टी निघाली की काच मोकळी होते, म्हणून त्याआधीच दुसऱ्या माणसाने तळवा टेकवून उभे राहावे.

तावदान काढताच खाली प्लास्टिकचे लहान तुकडे दिसतात. कारागीर त्यांना पॅकिंग म्हणतात. त्यांना कचरा समजून झाडू नये. खालच्या कडेला, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या चतुर्थांशावर असे दोन तुकडे तावदानाचा भार उचलतात. ते नसले तर काच थेट चौकटीवर, म्हणजे साचलेल्या पाण्यात बसते. आमच्या खिडकीत दोनपैकी एक निचऱ्याच्या वाटेवरच सरकलेला होता.

माप जुन्या तावदानाचे घ्यावे आणि चौकटीच्या खोबणीचेही. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान आकडा खरा धरावा. चारही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे. जाडी विसरू नये. आमची पाच, बारा, पाच अशी एकूण बावीस होती. ती चोवीस झाली असती तर पट्ट्या बसल्याच नसत्या. टफन्ड काच नंतर घासून लहान करता येत नाही, तेव्हा एक मिलिमीटरची चूक म्हणजे पूर्ण काच वाया.

नवे तावदान येईपर्यंत आठ दिवस गेले. त्या वेळात खोबणी धुतली, लांबी कोरून काढली, रबरी पट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसल्या. रबर कडक होऊन कोपऱ्यात आखडले असेल तर नवे घालावे. ओढून ताणून जुने पोचवू नये, ते पुन्हा आखडते. बसविताना क्रम उलटा, आखूड पट्ट्या आधी. सिलिकोन वापरणे भाग पडले तर डब्यावर "न्यूट्रल" लिहिलेले आहे का ते पाहावे. स्वस्त सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते, आणि ते तावदानाच्या बंधाला अपाय करते. आणि काहीही झाले तरी निचऱ्याच्या भोकांत सिलिकोन भरू नये. पावसाची झड आत येते म्हणून आपल्या बेळगावकडे अनेकजण नेमके हेच करतात. येथे तूस नाही, पण पाऊस बऱ्हाणपूरच्या मानाने किती, हे सांगावयास नको.

उरली खटखट. चारपाच मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर हवा, ही रचना उष्णतेसाठी आहे. आवाजासाठी ती बेताचीच. दोन काचा आणि मधली हवा हे स्प्रिंगने जोडलेल्या दोन वजनांसारखे असते, आणि त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या असते. चार मिलिमीटरच्या काचा आणि बारा मिलिमीटर अंतर असेल तर ती सुमारे २४० हर्ट्झ येते. पाच मिलिमीटरच्या काचांची थोडी कमी. त्या स्वराच्या आसपास दुहेरी खिडकी आवाज अडविण्याऐवजी त्याला साथ देते, आणि मागाच्या खटखटीत नेमका तसा जाड आवाज भरपूर असतो. अंतर दीडशे मिलिमीटर केले तर तीच संख्या सत्तरच्या आसपास उतरते, आणि बराचसा आवाज त्या पट्टीच्या वर, म्हणजे अडविता येण्याजोगा, राहतो.

माडीच्या नव्या भिंती नऊ इंची. तेथे हे अंतर मिळणे कठीण. पण खालच्या जुन्या घराच्या विटा-चुन्याच्या भिंती हातभर जाड आहेत, आणि सागवानी खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसविलेल्या. आतल्या अंगाला वीतभर कोनाडा रिकामाच. तेव्हा अभ्यासाची जागा खाली आणावी असे ठरले. सुताराकडून आतल्या तोंडाला काचेची दुसरी झडप करून घेतली, बिजागऱ्यांवर उघडणारी, म्हणजे मधली धूळ आणि ओल पुसता येते. बाहेर चार मिलिमीटरची काच होती, म्हणून आत सहाची घातली. दोन्ही सारख्या असल्या तर दोघी एकाच स्वराला दुबळ्या पडतात. झडपेच्या चारही कडांना रबर, आणि मधल्या कोनाड्याच्या बाजूंना जाड नमदा. सर्वांत जास्त फरक कशाने पडला असेल तर त्या रबराने. चौकट आणि झडप यांच्यातली पेन्सिलीएवढी फट बाकी सगळी मेहनत वाया घालविते. रबर लावण्यापूर्वी आणि नंतर नातीला डोळे मिटून ऐकावयास सांगितले, तेव्हा तिने दुसऱ्या खेपेस विचारले की वीज गेली का.

हवेसाठी अंगणाकडची खिडकी उघडी ठेवली, कूलर तिच्याच बाजूच्या झरोक्यात. त्या बाजूला माग नाहीत.

जूनच्या शेवटी मामांचा फोन आला. पहिला मोठा पाऊस झाला होता आणि माडीच्या खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीवर, पाण्याचे दोन ओघळ उतरले होते. गिलावा खराब होईल म्हणून मामींना काळजी वाटत होती. मी विचारले, दोन्ही भोकांतून येते आहे ना? ते म्हणाले, एकातून धार आहे, दुसऱ्यातून थेंब थेंब. मग त्या दुसऱ्यात खराट्याची काडी घालून पाहा, असे मी सांगितले. फोन तसाच चालू ठेवून ते वर गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "तूस निघाली. एवढ्या महिन्याभरात!" दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काडी फिरविण्याचे काम आता नातीकडे आहे.